चष्मेवाल्याचा कॅमेरा

2017 च्या उन्हाळ्यात माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. त्या मुक्कामात मी त्यांचा एक फोटो काढला. गॅरेजचं दार अर्धं वर केलं, आत पांढरी चादर ताणून बांधली, अण्णांना स्टुलावर बसवलं आणि काचांवर उजेड चमकतो म्हणून चष्मा काढायला सांगितला. मग पाऊण तास 'हसू नका', 'हनुवटी थोडी खाली', 'माझ्याकडे नको, भिंगाकडे बघा' असं म्हणत त्यांना छळलं. फोटो कृष्णधवल. सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी इतका स्पष्ट. आमच्या गावातल्या कॅमेरा क्लबात त्याला बक्षीस मिळालं. मी तो मोठा छापून, काळ्या चौकटीत घालून हॉलमध्ये लावला.

अण्णा दोन-तीन दिवस काही बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा पिता पिता भिंतीकडे बघत म्हणाले, "हार तेवढा घालायचा ठेवलायस."

बायको हसली, मीही हसलो. अण्णा हसले नाहीत. "आणि चष्मा कशाला काढायला लावलास रे? व्हिसाच्या फोटोवाल्यानं पण हेच केलं. चाळीस वर्षं आहे तो डोळ्यांवर. मला आरशात मी चष्म्यासकट दिसतो."

फोटो मी उतरवला. राग आला होता, खोटं कशाला सांगू? साखर कारखान्यात जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाला पोर्ट्रेट म्हणजे काय ते काय कळणार, असंही मनात येऊन गेलं. त्या विचाराची लाज वाटायला मला बरीच वर्षं लागली, आणि ती वाटायला कारण झाला बफेलोतला एक डोळे तपासून चष्मे करून देणारा माणूस. त्याच्याविषयी मला आज लिहायचं आहे. पण आधी मी ज्याची नक्कल करत होतो त्याच्याविषयी थोडं लिहायला हवं.

तो म्हणजे रिचर्ड ॲव्हेडन. फॅशनच्या मासिकांतला बादशहा. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एमन कार्टर संग्रहालयाने त्याच्यावर एक काम सोपवलं आणि 1979 ते 1984 अशी सहा वर्षं दर उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडला. खाणकामगार, ट्रकचालक, कत्तलखान्यातले लोक, महामार्गाच्या कडेला भेटलेले भटके, अशी 752 माणसं त्याने कॅमेऱ्यासमोर उभी केली आणि फिल्मचे जवळजवळ सतरा हजार ताव खर्ची घातले. पद्धत ठरलेली. एखाद्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवायचा, माणसाला त्यापुढे सावलीत उभं करायचं, आठ बाय दहा इंची फिल्मचा जुन्या पद्धतीचा लाकडी कॅमेरा तिवईवर ठेवायचा आणि स्वतः त्याच्या शेजारी उभं राहून त्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहायचं. 1985 साली प्रदर्शन भरलं. माणसापेक्षाही मोठी चित्रं, पांढऱ्या शून्यात उभी. ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांच्यासमोरून सहज चालत पुढे जाता येत नाही.

त्यातला मधमाश्यांचा माणूस बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. तुळतुळीत डोकं, उघडं गोरं अंग आणि त्यावर मधमाश्या बसलेल्या. चेहरा मात्र ध्यानस्थ साधूसारखा. हा माणूस ॲव्हेडनला वाटेत भेटला नव्हता. त्याने मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मासिकात जाहिरात दिली होती. त्याला हवं ते चित्र आधी कागदावर रेखाटून तयार होतं. 1981 साली कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे एका कीटकतज्ज्ञाच्या मदतीने त्या माणसाच्या अंगाला राणीमाशीचा गंध लावला, मग माश्या सोडल्या. चित्र अप्रतिम आहे. फक्त ते त्या माणसाचं आहे की ॲव्हेडनचं, असा प्रश्न विचारला तर उत्तर अवघड नाही. आणि ॲव्हेडनने ते कधी लपवलंही नाही. पोर्ट्रेट हे काढणाऱ्याचं मत असतं, असं तो उघडपणे म्हणत असे. विंडसरच्या ड्यूक आणि डचेसचा फोटो काढताना (साल 1957) त्यांचे सराईत हसरे मुखवटे गळून पडावेत म्हणून त्याने येताना आपल्या टॅक्सीखाली कुत्रा सापडल्याची थाप मारली. त्या जोडप्याचा कुत्र्यांवर जीव. दोघांचे चेहरे पडले, त्याच क्षणी याने बटण दाबलं. ओटावात 1941 साली यूसुफ कार्शने चर्चिलच्या तोंडातला सिगार उपटून घेतला आणि तो संतापलेला चर्चिल साऱ्या जगाने डोक्यावर घेतला, तीही याच घराण्यातली गोष्ट. 'माणूस सावध असतो, त्याला बेसावध पकडल्याशिवाय खरा चेहरा मिळत नाही,' हे त्या घराण्याचं ब्रीद.

आपण परदेशी राहणाऱ्या लोकांनी या शैलीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवं. पांढरी पार्श्वभूमी, समोरून उजेड, चेहरा निर्विकार, आजूबाजूला काही नाही. हा फोटो आपल्या प्रत्येकाच्या घरात, कागदपत्रांच्या फाइलमध्ये आहे. आमच्या मंडळातल्या जुन्या मंडळींच्या ग्रीनकार्डाच्या फोटोत मान वळवून उजवा कान दाखवावा लागे. 2004 पासून तो नियम गेला आणि समोरून चेहरा आला. 2016 च्या नोव्हेंबरपासून व्हिसाच्या आणि अमेरिकन पासपोर्टच्या फोटोत चष्मा चालेनासा झाला. योगायोग म्हणा काय म्हणा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुण ॲव्हेडन मर्चंट मरीनमध्ये ओळखपत्रांचे फोटो काढण्याचंच काम करत होता. त्याच्या पुढच्या सगळ्या कलेत ओळखपत्राचा तो कागद शिल्लक राहिला असं माझं मत आहे. अण्णांनी एका वाक्यात हीच समीक्षा केली होती. मला ती ऐकू आली नाही, एवढंच.

*

मिल्टन रोगोव्हिनचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बफेलोत डॉक्टरेट करत असताना. तेव्हा तो हयात होता, नव्वदी ओलांडलेला, माझ्या खोलीपासून काही मैलांवर राहणारा. मी त्याला कधी भेटायला गेलो नाही. माझा विषय होता प्रतिमांवरची गणितं, आणि प्रतिमांवरच्या गणितांत गुंतलेल्या माणसाला प्रतिमा बघायला सवड नसते. बर्चफील्ड-पेनी कलाकेंद्रात त्याची काही चित्रं पाहिली तेव्हा 'ठीक आहेत, जरा साधीच आहेत' असं मित्राला म्हटल्याचं आठवतं. अण्णांचा फोटो उतरवल्यानंतर काही महिन्यांनी त्याचं पुस्तक पुन्हा हाती आलं आणि मी ते नव्याने वाचल्यासारखं पाहिलं.

रोगोव्हिनचा जन्म 1909 चा, न्यूयॉर्क शहरातला. आईवडील लिथुएनियातून आलेले ज्यू. म्हणजे तोही स्थलांतरितांचाच मुलगा. कोलंबिया विद्यापीठातून डोळे तपासणीचं शिक्षण घेऊन 1938 साली तो बफेलोला आला आणि पुढे तिथे स्वतःचा चष्म्यांचा व्यवसाय थाटला. गिऱ्हाईक बरंचसं कामगारवर्गातलं. 1942 साली ॲनशी लग्न केलं आणि त्याच वर्षी पहिला कॅमेरा घेतला. डाव्या विचारांचा, युनियनची कामं करणारा हा माणूस. 1957 साली अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्याला बोलावणं आलं. त्याने उत्तरं द्यायला नकार दिला. स्थानिक वृत्तपत्राने 'बफेलोतला अव्वल लाल' अशी त्याची जाहिरात केली. गिऱ्हाईक पांगलं, शेजारी बोलेनासे झाले, ॲनच्या शिक्षिकेच्या पगारावर घर चालू लागलं. वय अठ्ठेचाळीस, हातात वेळच वेळ. एका संगीताच्या प्राध्यापक मित्राला कृष्णवर्णीयांच्या दुकानवजा गाळ्यांत भरणाऱ्या चर्चमधलं गाणं ध्वनिमुद्रित करायचं होतं. त्याच्याबरोबर हा कॅमेरा घेऊन गेला, आणि मित्राचं काम संपल्यावरही जात राहिला. ती चित्रं 1962 साली 'ॲपर्चर'मध्ये आली, प्रस्तावना डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची. आपलं म्हणणं तोंडाने मांडायची सोय उरली नाही म्हणून त्याने कॅमेरा हाती धरला, असं त्याच्याबद्दल म्हणता येतं. पण चरित्र पुरे. मला त्याची कामाची रीत सांगायची आहे.

1972 साली त्याने लोअर वेस्ट साइड हा भाग निवडला. त्याच्या दुकानापासून चालत जाता येईल अशी सहा चौकांची वस्ती. पोर्टोरिकन, कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकन, काही जुने इटालियन. दारू, बेकारी, पडकी घरं. सुरुवातीला लोकांना हा पोलिसांचा किंवा सरकारचा माणूस वाटला. तो येत राहिला, बायकोला घेऊन. ॲन बरोबर असणं ही या कामातली मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं. पुरुष एकटा कॅमेरा घेऊन दारात उभा राहणं वेगळं आणि नवराबायको येणं वेगळं. हे आपल्याकडच्या माणसाला तरी समजावून सांगायला नको.

रोगोव्हिन माणसाला विचारायचा, फोटो काढू का? 'हो' म्हटलं तर काढायचा. कुठे उभं राहायचं, काय घालायचं, हात कुठे ठेवायचे, बरोबर कुणाला घ्यायचं, हे सगळं त्या माणसाने ठरवायचं. याची अपेक्षा एवढीच की कॅमेऱ्याकडे बघावं. एकदोन फोटो, फार तर तीन. मग घरच्या तळघरात स्वतः छापायचे आणि पुढच्या खेपेला प्रत नेऊन द्यायची, फुकट. झाली शैली. 'याला शैली म्हणायचं का?' असं आमच्या कॅमेरा क्लबातल्या एका गृहस्थांनी मला विचारलं. 'मग फोटोग्राफर हवाय कशाला? बटण दाबायला कुणी पोऱ्याही चालेल.'

प्रश्न वाजवी आहे, आणि यंत्राकडे बोट दाखवून तो सुटत नाही. रोगोव्हिन रोलायफ्लेक्स वापरायचा, वरून खाली डोकावून बघण्याचा, पोटाशी धरण्याचा कॅमेरा. फोटोग्राफर मान खाली घालतो, भिंग छातीच्या खाली राहतं, समोरचा माणूस किंचित उंच दिसतो. यावरून 'नम्र कॅमेरा आणि उद्धट कॅमेरा' असा सिद्धान्त मांडायचा मोह मला झाला होता. पण तो टिकत नाही. ॲव्हेडनही भिंगामागे दडत नसे, उलट तोच माणसाच्या नजरेला नजर देऊन उभा राहायचा. फरक यंत्रात नाही.

फरक त्या फुकट दिलेल्या प्रतीत आहे. आम्ही इंजिनियर लोक एखाद्या यंत्रणेकडे बघताना विचारतो, निघणारा माल शेवटी जातो कुठे? ॲव्हेडनचा माल संग्रहालयाच्या भिंतीवर जायचा होता. रोगोव्हिनचाही काही माल तिकडे गेला. 1999 साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचा संग्रह घेतला. पण त्याआधी, प्रत्येक फोटोची पहिली प्रत एका दुसऱ्या भिंतीवर जायची होती. ज्याचा फोटो त्याच्या घरातल्या. टीव्हीच्या वर, येशूच्या तसबिरीशेजारी, पोरांच्या शाळेतल्या फोटोंच्या रांगेत. बटण दाबताना फोटोग्राफरला हे ठाऊक आहे आणि समोरच्यालाही. मग तो असा क्षण पकडणारच नाही की जो ती बाई स्वतःच्या घरात लावू शकणार नाही. आणि ती बाईही अशी उभी राहील की उद्या पाहुण्यांनी पाहिलं तर चालेल. फोटो काढण्याआधीच फोटो बदललेला असतो.

त्याच्या चौकोनी चित्रांत माणूस बहुधा पूर्ण दिसतो, पायांपर्यंत किंवा गुडघ्यांपर्यंत, आणि त्याच्याभोवती त्याची खोली. सोफ्यावरचं प्लॅस्टिक, भिंतीवरचे फोटो, फुलदाणी, बाहेर असेल तर दाराची पायरी, दुकानाची पाटी. उजेड फ्लॅशचा, सपाट. सावल्यांचं नाट्य नाही. क्लबात पहिल्या फेरीत बाद होईल असा उजेड. पण त्या सपाट उजेडात खोलीतली प्रत्येक वस्तू सारख्या हक्काने दिसते. माझा पोटापाण्याचा धंदा प्रतिमांच्या प्रोग्रॅमांचा आहे. फोनमध्ये 'पोर्ट्रेट' नावाची जी सोय असते, तिच्यात चेहरा ओळखून मागचं सगळं धूसर करून टाकतात. त्या प्रकारच्या कामात माझी काही वर्षं गेली. केसांच्या कडा नीट कापल्या जाव्यात म्हणून आम्ही आठवडेच्या आठवडे घालवले. माणूस हवा असेल तर मागचं पुसायचं, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की कुणाच्याच मनात शंका आली नाही. रोगोव्हिनची चित्रं बघताना मला पहिल्यांदा वाटलं की मागचं पुसल्यावर जे उरतं तो चेहरा असेल, माणूस असेलच असं नाही.

पोलाद कामगारांच्या मालिकेत हे फार चांगलं दिसतं. 1976 च्या सुमारास त्याने बफेलोच्या आसपासच्या कारखान्यांतल्या लोकांचे दोन-दोन फोटो काढायला घेतले, एक कामावर आणि एक घरी. त्यांत एक स्त्री आहे. कारखान्यात ती संरक्षक कपड्यांत इतकी झाकलेली आहे की बाई की बुवा असा प्रश्न पडावा. शेजारच्या चित्रात तीच घरी, नटूनथटून, मुलासोबत. दोन्ही ठिकाणी ती त्याच ताठपणे कॅमेऱ्याकडे बघते आहे. हे दोन फोटो एकमेकांशेजारी ठेवण्यासाठी फार मोठी प्रतिभा लागत नाही. पण कारखान्यातला फोटो काढून झाल्यावर 'तुझ्या घरी येऊ का?' असं विचारायला लागतं, आणि समोरच्याने 'ये' म्हणावं असं काहीतरी आपल्या वागण्यात असावं लागतं. पुढे हे कारखाने बंद पडले. लॅकवॉनाच्या अवाढव्य बेथलहेम कारखान्यातलं पोलाद बनवण्याचं काम 1983 मध्ये थांबलं. रोगोव्हिन त्यानंतर यांच्यातल्या काहींकडे पुन्हा गेला. 1993 च्या 'पोर्ट्रेट्स इन स्टील' या पुस्तकात ती चित्रं मुलाखतींसह आहेत.

पुन्हा जाणं. इथे त्याचं खरं मोठेपण आहे. लोअर वेस्ट साइडमध्ये त्याने 1972 पासून फोटो काढले, मग 1984 ते 86 मध्ये तो आणि ॲन जुन्या प्रती हातात घेऊन, 'हे कुठे राहतात हो आता?' असं विचारत त्याच गल्ल्यांतून हिंडले. पुन्हा 1992 ते 94. पुन्हा 2000 ते 2002, तेव्हा तो नव्वदीच्या पलीकडे. त्याच माणसांचे तीन-तीन, चार-चार फोटो, तीस वर्षांवर पसरलेले, एका ओळीत मांडलेले. पहिल्यात कडेवर असलेलं मूल पुढे केवढंतरी झालेलं असतं. पहिल्यात जोडपं असतं, नंतर एकच जण. कुणी सापडलंच नाही. कुणी वारलं, कुणी तुरुंगात, कुणी गाव सोडून गेलं.

सिग्नलच्या शास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात की एखादा बदल पुन्हा जुळवायचा असेल तर त्याच्या वेगाच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घ्यावे लागतात. तीस वर्षांत चार नमुने म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा. मधलं आयुष्य भरून काढता येणार नाही. रोगोव्हिनही ते भरत नाही. चौकटींमधल्या त्या कोऱ्या पट्टीत काय घडलं ते चित्र सांगत नाही आणि आपण नुसते डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बघत बसतो. परदेशातल्या माणसाला हे बघणं ओळखीचं आहे. आपणही गावाकडच्या माणसांना दोन-तीन वर्षांनी एकदा बघतो. विमानतळावर भाऊ भेटतो तेव्हा तो म्हातारा होत गेलेला नसतो, एकदम झालेला असतो.

आणि 'स्वतः मांडून घेतलेला फोटो खोटा' हा जो आक्षेप, त्याचंही उत्तर या ओळींतच आहे. एका फोटोत माणूस स्वतःला मांडतो तेव्हा ती बढाई असू शकते. चार फोटोंत त्याने काय-काय मांडलं हे शेजारी शेजारी आलं की तो त्याच्या आयुष्याचा जबाब होतो. एकदा दाखवण्याजोगा म्हणून अंगात घातलेला कोट पुढच्या वेळी नसतो. पूर्वी छाती पुढे काढून उभा असलेला आता खुर्चीला धरून उभा असतो, पण उभा असतो. बेसावध पकडलेल्या चेहऱ्यापेक्षा सावध चेहऱ्यात असं पुष्कळ दिसतं, फक्त त्यासाठी दहा-दहा वर्षं थांबायची तयारी लागते. बटण दाबायला पोऱ्या चालेल हो, पण पोऱ्या 2002 सालापर्यंत येणार का?

माझ्या तक्रारीही आहेत. एकेकटं घेतलं तर रोगोव्हिनचं बरंचसं काम सामान्य आहे. पुस्तकाची पन्नास पानं उलटली की ताठ उभ्या, गंभीर, स्वाभिमानी माणसांचा कंटाळा येऊ लागतो. जणू गरीब माणसाला चिडण्याची, चावटपणाची, क्षुद्र असण्याची परवानगीच नाही. आईचं पोरावर खेकसणं त्याच्या चित्रात जवळजवळ नाही, आणि अशा वस्तीत, किंबहुना कुठल्याही वस्तीत, ते नसेल हे मी मानणार नाही. शिवाय या सगळ्यांना तो 'विसरलेली माणसं' म्हणायचा. कोणी विसरलेली? एकमेकांना ती चांगली लक्षात होती, म्हणून तर जुने फोटो दाखवल्यावर पत्ते सापडले. विसरलं असेल ते शहराच्या दुसऱ्या टोकाने. हा शब्द त्या टोकाकडून आलेला आहे, आणि एवढ्या चांगल्या माणसाच्या तोंडी तो मला खटकतो.

आणि ॲव्हेडनलाही मी अजून सोडलेलं नाही. 1969 पासून 1973 पर्यंत त्याने फ्लॉरिडात आपल्या वडिलांचे फोटो काढले. कर्करोगाने झिजत जाणारा बाप, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. सुरुवातीला कोटटाय, शेवटी इस्पितळाचा झगा आणि डोळ्यांत उघडी भीती. 1974 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते लागले. तिथेही परत परत जाणं आहे आणि तिथेही तोच माणूस आहे. त्यात ॲव्हेडनने कुत्रा मेल्याची थाप मारलेली नाही. ती चित्रं रोगोव्हिनच्या कुठल्याही एका चित्रापेक्षा मोठी आहेत, हे मी नाकारू शकत नाही. अण्णांना स्टुलावर बसवताना माझ्या डोक्यात तीच होती. कुठल्याच घराच्या भिंतीवर ती लावता येणार नाहीत, हे तेव्हा मात्र सुचलं नव्हतं. आता सुचलं आहे, तरी त्यावरून ती चित्रं काढायला नको होती असं म्हणवत नाही. घरच्या भिंतीची ही माझी कसोटी इथे अडते, हे मान्य करून पुढे जातो.

*

परत जायच्या दोन दिवस आधी अण्णा म्हणाले, "माझा एक फोटो काढ. बाहेर." मी मोठा कॅमेरा घ्यायला निघालो तर म्हणाले, "फोनवर काढ रे, लगेच व्हॉट्सॲपवर जाईल." ते रस्त्याच्या कडेला आमच्या टपालपेटीपाशी जाऊन उभे राहिले. पेटीवर आमचं आडनाव आहे. इंग्रजीत, पांढऱ्या स्टिकरच्या अक्षरांत, त्यातलं एक अक्षर जरा वाकडं लागलेलं. स्वेटर, माझ्या मुलाची बेसबॉलची टोपी, चष्मा. एक हात पेटीवर. गाडीला टेकून आणि धबधब्यापुढे उभं राहून आईवडील जे फोटो काढून घेतात त्यांना मी मनातल्या मनात हसत असे, त्यातलाच हा एक. मी एकदाच बटण दाबलं आणि पाठवून दिला.

2021 च्या मे महिन्यात अण्णा गेले. मला जाता आलं नाही. त्या वर्षी कित्येकांना आलं नाही. सांगलीतल्या घरी लावायला फोटो हवा होता तेव्हा भावाने मला विचारलंसुद्धा नाही, तोच टपालपेटीचा काढून स्टुडिओत दिला. तिथल्या माणसाने मोठा करून दिला. पण मागचं सगळं पुसून. टपालपेटी गेली, आडनाव गेलं, हात कोपराशी कापला गेला, डोक्यावर बेसबॉलची टोपी तशीच आणि मागे निळं आकाश. केसांच्या कडा मात्र फार सफाईने कापल्या होत्या, मी जवळ जाऊन बघितल्या.

मूळ फोटो माझ्याकडे फोनमध्ये होता. तो मी इथे छापून घेतला आणि पुढच्या खेपेला आईकडे नेऊन दिला. तिने तो देव्हाऱ्याशेजारच्या कपाटाच्या काचेत खोचून ठेवला आहे. भिंतीवरचा आहे तिथेच आहे, हारासकट.

त्याच खेपेला आईला म्हटलं, तुझा एक काढतो, कुठे उभी राहतेस? मला वाटलं तुळशीपाशी म्हणेल. ती म्हणाली, "तुळशीजवळ नको, तिथं सगळेच काढतात." आत जाऊन साडी बदलून आली, पुढच्या दाराशी गेली आणि विजेच्या मीटरच्या पेटीशेजारी उभी राहिली. का, तर दाराला मागच्याच महिन्यात नवा रंग दिला होता, गडद हिरवा, आणि रंगाऱ्याशी दोन दिवस हुज्जत घालून तो तिने स्वतः निवडला होता. दार पूर्ण यायला हवं, अशी तिने ताकीद दिली. ते यावं म्हणून मला रस्त्यापर्यंत मागे सरकावं लागलं. मीटरची पेटीही आली आहे, आणि शेजारच्यांची मोटारसायकल.